एफडीच्या नूतनीकरणाला गेलेल्यांच्या हाती पॉलिसी कशी पडते

पाच लाखांची मुदत ठेव संपते. ठेवीदार नूतनीकरणाला बँकेत जातो आणि दरवर्षी पाच लाख, असे बारा वर्षे भरण्याच्या करारावर सही करून घरी येतो. काय झाले हे त्याला कळते वर्षभराने, खात्यातून पुन्हा पाच लाख वळते झाल्याचा मेसेज आल्यावर किंवा शिल्लक नसल्यामुळे हप्ता परत गेला म्हणून बँकेने दंड कापल्यावर. गावे बदलतात, बँका बदलतात, क्रम तोच राहतो. तो क्रम आधी माहीत असेल तर पहिल्याच टप्प्यावर हात आखडता घेता येतो, म्हणून तो तपशिलात सांगतो.

काउंटरवरचा माणूस म्हणतो, "एफडीचे दर आता खाली आलेत. आपल्याच बँकेची एक स्कीम आहे, गॅरंटीड आहे, टॅक्सही नाही." 'विमा' हा शब्द निघत नाही, निघालाच तर "विमा वरून फुकट मिळतो" असा. ग्राहकाचे वय साठीपुढचे असेल तर त्याच्या नावावर पॉलिसी निघणे अवघड किंवा महाग असते. मग विमा मुलाच्या किंवा नातवाच्या आयुष्यावर काढतात आणि आजी-आजोबा फक्त प्रस्तावक, म्हणजे अर्ज करून हप्ता भरणारे, होतात. "नातवाच्या नावाने ठेवू या ना, काका," हे वाक्य आले की समोर एफडीचा अर्ज नाही हे नक्की समजावे.

पुढे सह्या. हल्ली कागद कमी आणि ओटीपी जास्त. टॅबवर अर्ज तोच माणूस भरतो. त्यात वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात पेन्शनच्या चौपट आकडा टाकतो, कारण वर्षाला तीन लाख पेन्शन असलेल्या माणसाला पाच लाखांचा वार्षिक हप्ता कोणतीही कंपनी सहज मंजूर करणार नाही. व्यवसायाच्या जागी 'व्यापार' लिहितो. ईमेल आणि कधी कधी मोबाइल नंबरही दुसराच घालतो, म्हणजे कंपनीचे पत्र आणि पडताळणीचा फोन तिकडेच जातात. फोन ग्राहकाकडे आलाच तर आधीच पढवून ठेवलेले असते: "रेकॉर्डिंगचा कॉल येईल, फक्त हो हो म्हणा, नाहीतर पैसे अडकतील." त्या फोनवर हप्ता किती वर्षे भरायचा आहे हे विचारलेले असते, आणि पुढे तक्रार केली की कंपनी तेच रेकॉर्डिंग पुढे करते.

यात सगळ्यात महत्त्वाचा खोटेपणा हप्त्याच्या मुदतीचा. ग्राहकाला वाटते एकदाच पैसे भरायचे, अर्जात लिहिलेले असते दहा किंवा बारा वर्षे. असे का, याचे उत्तर कमिशनच्या दरात आहे. विमा नियामकाच्या २०१६ च्या नियमांत एकरकमी हप्त्याच्या बचत पॉलिसीवर कमिशन कमाल २ टक्के होते. हप्ता दरवर्षीचा असेल तर पहिल्या वर्षाचे कमिशन मुदतीबरोबर चढत जाई: पाच वर्षांच्या मुदतीला १५ टक्के, दहा वर्षांना ३०, बारा किंवा अधिक वर्षांना ३५. म्हणजे तेच पाच लाख एकरकमी म्हणून घेतले तर विकणाऱ्या संस्थेला जास्तीत जास्त १० हजार, आणि बारापैकी पहिला हप्ता म्हणून घेतले तर १ लाख ७५ हजारांपर्यंत. दुसरा हप्ता भरला गेला नाही तरी ही रक्कम मिळून गेलेली असते. काउंटरवरच्या माणसावर टार्गेट असते ते या आकड्यांचे. त्याला एकट्याला दोष देऊन विषय संपत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून हे उत्पादनवार कमाल दरही उठले. आता कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाला मर्यादा आहे आणि त्या मर्यादेत कुणाला किती कमिशन द्यायचे हे तिचे संचालक मंडळ ठरवते. नियंत्रणमुक्तीचा ग्राहकाला फायदा होतो की तोटा, हा वाद घालताना नेमकी ही जागा तपासायला हवी.

जुने दिवस चांगले होते असे म्हणण्यातही अर्थ नाही. १९५६ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतला तेव्हा देशात २४५ खासगी कंपन्या आणि सोसायट्या होत्या आणि विमेदारांच्या पैशांचा गैरवापर हे राष्ट्रीयीकरणाचे मोठे कारण होते. पण त्यानंतर दोन वर्षे होत नाहीत तोच सरकारी आयुर्विमा महामंडळाचे (एलआयसी) सुमारे सव्वा कोटी रुपये हरिदास मुंदडा या उद्योजकाच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये गेल्याचे उघड झाले, न्या. छागलांची चौकशी बसली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. मक्तेदारीतही पैसा सुरक्षित होताच असे नाही. १९९४ मध्ये मल्होत्रा समितीने क्षेत्र खुले करण्याची शिफारस केली, १९९९ मध्ये विमा नियामकाचा कायदा झाला आणि २००० पासून खासगी कंपन्या आल्या.

फायदा झाला, पण सगळीकडे सारखा नाही. टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, हे उत्पादन सरळ असते: इतकी वर्षे, इतक्या रकमेचा विमा, इतका हप्ता. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवले की शाळकरी मुलालाही स्वस्त कोणता ते सांगता येते. तिथे स्पर्धेने हप्ते खरोखर खाली आले, विशेषतः ऑनलाइन विक्री सुरू झाल्यावर. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर खुले झाले तेव्हाही तेच झाले, दर झपाट्याने उतरले. जिथे किंमत ग्राहकाला दिसते तिथे कंपन्या त्याच्यासाठी भांडतात. बचत पॉलिसीत किंमत दिसतच नाही, आणि मग कंपन्या ग्राहकासाठी न भांडता विकणाऱ्यासाठी भांडतात: जो जास्त कमिशन देईल त्याची पॉलिसी काउंटरवर पुढे येते. अशा बाजारात स्पर्धा वाढली तर ग्राहकाचा खर्च वाढतो.

युलिपमध्ये, म्हणजे हप्त्याचा काही भाग बाजारात गुंतवणाऱ्या विम्यात, हे सगळे एकदा होऊन गेले आहे. शेअर बाजार चढत होता त्या वर्षांत "तीन वर्षे भरा, मग विसरा" म्हणून युलिप खपवले गेले. पहिल्या हप्त्यातला मोठा भाग शुल्कात जाई आणि मध्येच सोडल्यास उरलेल्यातूनही कापत. एप्रिल २०१० मध्ये शेअर बाजाराचा नियामक सेबीने चौदा कंपन्यांना युलिप विकायला मनाई केली, विमा नियामकाने लगेच ती धुडकावायला सांगितले, आणि जूनमध्ये केंद्राला वटहुकूम काढावा लागला. १ सप्टेंबर २०१० पासून लॉक-इन (पैसे काढता न येण्याचा काळ) तीनवरून पाच वर्षे झाला, शुल्कांवर आणि पॉलिसी सोडण्याच्या कपातीवर कमाल मर्यादा आल्या. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांच्या अभ्यासानुसार २००४-०५ ते २०११-१२ या काळात बंद पडलेल्या पॉलिसींमुळे ग्राहकांचे सुमारे दीड लाख कोटी रुपये बुडाले. युलिप आवळल्यावर विक्री थांबली नाही. ती पारंपरिक 'गॅरंटीड' पॉलिसींकडे वळली, कारण तिथले कमिशन तसेच होते आणि तिथली शुल्के ग्राहकाला वेगळी दाखवावी लागत नव्हती.

या गॅरंटीड पॉलिसीचे गणित कसे करायचे ते पाहू. नेहमीची जाहिरात अशी: बारा वर्षे दरवर्षी १ लाख भरा, पुढे बारा वर्षे दरवर्षी २ लाख घ्या. "१२ लाखांचे २४ लाख." आता वर्षे मोजा. पहिला हप्ता आज, बारावा अकरा वर्षांनी. पहिले २ लाख तेरा वर्षांनी हाती येतात, शेवटचे चोवीस वर्षांनी. म्हणजे भरलेला प्रत्येक लाख बरोबर तेरा वर्षांनी दुप्पट होऊन परत येतो, आणि तेरा वर्षांत दुप्पट याचा अर्थ वर्षाला चक्रवाढीने ५.४८ टक्के. सात टक्क्यांनी तोच लाख तेरा वर्षांत २ लाख ४१ हजार होतो. बारा हप्त्यांचा फरक जवळजवळ ४ लाख ९२ हजार. ठेवीच्या व्याजावर कर लागतो हे खरे, आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ५.४८ टक्के करमुक्त वाईट नाहीत. पण ज्याला करच लागत नाही अशा पेन्शनराला 'टॅक्स-फ्री' म्हणून हे विकणे म्हणजे त्याला काहीच न देणे. शिवाय करमुक्तीला अटी आहेत. हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त असेल तर मुदतीनंतरची रक्कम करपात्र होते, आणि १ एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींचे वार्षिक हप्ते मिळून ५ लाखांवर गेले तरीही. सवा पट विमा असलेली एकरकमी पॉलिसी पहिल्याच अटीत अडकते.

हप्त्यांची रचना वेडीवाकडी असेल तर स्प्रेडशीटमध्ये एकाखाली एक वर्षे लिहा, भरायची रक्कम वजा चिन्हाने, मिळायची अधिक चिन्हाने, मध्ये रिकाम्या वर्षांना शून्य, आणि आयआरआर, म्हणजे परताव्याचा वार्षिक दर काढणारा, फॉर्म्युला लावा. शून्य टाकायला विसरलात तर उत्तर फुगून येते. विक्रेत्यांच्या कागदावर बहुधा हीच चूक सोयीस्करपणे झालेली असते.

बोनसवाली पॉलिसी असेल तर सोबतच्या लाभदर्शक तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. विक्रेता बोट ठेवतो ते आठच्या रकान्यावर. तो परताव्याचा दर नव्हे. कंपनीने गुंतवणुकीवर खर्चापूर्वी तेवढे कमावले असे गृहीत धरून केलेला हिशेब आहे, आणि दोन्हींपैकी कशाचीच हमी नसते.

पैसे मधेच हवे असतील तर काय मिळते? पाच लाखांचा एकच हप्ता भरून थांबलेल्याला अलीकडेपर्यंत शून्य मिळे. दोन हप्ते, म्हणजे १० लाख भरले तर हमीचे किमान सरेंडर मूल्य (पॉलिसी मधेच सोडल्यास परत मिळणारी रक्कम) ३० टक्के, म्हणजे ३ लाख. तीन हप्त्यांनंतर १५ लाखांचे ३५ टक्के, सव्वापाच लाख. चौथ्या ते सातव्या वर्षात निम्मे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम सुधारला आहे आणि एका पूर्ण वर्षाचा हप्ता भरून वर्ष झाले की विशेष सरेंडर मूल्य द्यावेच लागते. कंपन्यांचा विरोध असूनही नियामकाने हे केले, ते योग्यच झाले. पण ती रक्कमही भरलेला हप्ता नसतो. एका हप्त्याच्या प्रमाणात पुढे बऱ्याच वर्षांनी जे मिळाले असते त्याचे ते आजचे मूल्य असते.

म्हणून खरा बचाव पहिल्या तीस दिवसांत आहे. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवस फ्री-लुक कालावधी असतो. पूर्वी तो १५ दिवसांचा होता आणि बरेच एजंट अजून तेच सांगतात. या मुदतीत कारण कोणतेही असले तरी पॉलिसी परत करता येते. कापले जाते ते फक्त त्या दिवसांचे जोखमीचे शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क. युलिप असेल तर युनिटच्या भावातला फरकही. अर्ज शाखेत तोंडी देऊ नका. विमा कंपनीच्या ईमेलवर पाठवा आणि पोच घ्या. "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" हे तीस दिवस संपेपर्यंत चालते.

पॉलिसी हाती आली की आधी तीन जागा पाहा: हप्ता भरण्याची मुदत, पॉलिसीची मुदत, आणि सोबत जोडलेली प्रस्ताव अर्जाची प्रत. ग्राहक माहितीपत्रकात पहिल्या दोन गोष्टी सोप्या भाषेत असतात. प्रस्ताव अर्जातले उत्पन्न, व्यवसाय, मोबाइल आणि ईमेल चुकीचे असतील तर तोच पुढचा सगळ्यात भक्कम पुरावा. पेन्शनच्या पासबुकाची प्रत त्याला जोडली की रेकॉर्डिंगमधल्या "हो हो"चे वजन बरेच कमी होते.

तीस दिवस उलटले असतील तर आधी बँकेला लेखी कळवून खात्यावरचा स्वयंचलित वजावटीचा आदेश रद्द करा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, त्यात विकणाऱ्याने काय सांगितले, कधी, कुठे, आणि मागणी एका ओळीत: पॉलिसी रद्द करून हप्ता परत. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. दावा ५० लाखांपर्यंतचा हवा आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षात जायला हवे. निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोग आहे, तिथली मुदत दोन वर्षे. नियामकाकडे नोंद करायला बीमा भरोसा पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांक आहे.

बँक लॉकर हवा असेल तर पॉलिसी घ्या, असे सांगितले तर ते लेखी मागा. लॉकरसाठी बँक फार तर तीन वर्षांचे भाडे आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढी मुदत ठेव मागू शकते, विमा नाही. "पहिल्या हप्त्यात मी माझ्याकडून थोडे परत देतो" हा प्रस्तावही नाकारा. कमिशनचा वाटा ग्राहकाला देणे कायद्याने मना आहे आणि घेणाराही त्यात येतो.

एकदा फसलेल्याकडे दुसरी टोळी येते. बंद पडलेल्या पॉलिसींची यादी कुठून तरी बाहेर जाते आणि फोन सुरू होतात: नियामकाच्या कार्यालयातून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय, सोडवायला एक नवी पॉलिसी घ्या किंवा 'प्रोसेसिंग'चे चाळीस हजार या खात्यात भरा. पॉलिसी क्रमांक, हप्ता, जन्मतारीख सगळे अचूक सांगतात, म्हणून विश्वास बसतो. विमा नियामक कुणालाही फोन करत नाही, पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही. असा फोन आला की बोलणे लांबवू नका, नंबर आणि वेळ लिहून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा, तासाभरात कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.