थेंब थांबला म्हणून सील बदललं असं समजू नका

आमचा बागकामाचा छोटा ट्रॅक्टर जुना आहे, पण धडधाकट आहे. ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे तेल दिसायला लागलं. आधी नुसता ओलसरपणा, मग रोज सकाळी खाली तळहाताएवढा डाग. स्वतः खोलायचा धीर झाला नाही, म्हणून एका मेकॅनिककडे नेला. त्याने शाफ्ट धरून हलवला आणि म्हणाला, "काका, सील गेलंय. बेअरिंगही टाकून घेऊ, नाहीतर नवं सील टिकायचं नाही." बोलणं चुकीचं नव्हतं. सील म्हणजे शाफ्टभोवती बसून तेल अडवणारं रबरी कडं. शाफ्टला खेळ असला, म्हणजे तो ढिला हलत असला, की सीलचं रबर एका बाजूने झिजतंच. खऱ्या गोष्टीच्या आडून फसवलं, हे मला आजही टोचतं.

चार दिवसांनी ट्रॅक्टर परत मिळाला, धुऊनपुसून लख्ख. बिलात सील, बेअरिंग, नवं तेल, मजुरी. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारात गेले." मी पैसे देऊन निघालो. तिथेच चुकलो.

दोन आठवडे खाली एक थेंब नाही. तिसऱ्या आठवड्यात चढावर गिअरबॉक्समधून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. सपाट जागी उभा करून लेव्हल प्लग, म्हणजे तेलाची पातळी बघायचं बूच, उघडला. तेल बरोबर भरलेलं असेल तर ते या भोकाच्या काठाशी असतं, जरासं ओघळतंही. मी बोट आत घालून खाली वाकवलं, तरी कोरडंच निघालं. मग लक्षात आलं. तेलाची पातळी शाफ्टच्या खाली ठेवली की उभ्या गाडीखाली थेंब पडत नाही. या माणसाने गळायला तेलच ठेवलं नव्हतं!

मग एका जाणकार मित्राला बसवून शाफ्ट सोडवला. सीलभोवती सिलिकॉनचा थर होता, नखाने सोलला तसा पापुद्र्यासारखा निघाला. सीलपुढे सर्क्लिप असते, म्हणजे खाचेत बसणारी अडकवणीची कडी. तिच्या खाचेत वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली. आमच्या ट्रॅक्टरमध्ये ती सर्क्लिप काढल्याशिवाय ना सील निघतं, ना त्यामागचं बेअरिंग. म्हणजे आतल्या कशालाच हात लागला नव्हता.

सील काढलं तर रबर दगडासारखं कडक, लिपला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेला, तडे. शाफ्टवर लिप घासते तिथे नखाला लागेल अशी खाच. आणि गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक, मातीने पार बुजलेला. ब्रीदर बुजला की तेल तापल्यावर आत दाब वाढतो आणि तो तेलाला सीलमधूनच बाहेर रेटतो. तेव्हा सील गळत असेल तर आधी ब्रीदर बघा, त्याला खर्च काहीच नाही.

आम्ही ब्रीदर साफ केला, शाफ्टवरच्या खाचेवर पातळ स्टीलची स्लीव्ह (नळी) चढवली आणि नवं सील स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून बसवलं. स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांच्या, धारेने लिप कापू नये म्हणून तिथे टेप गुंडाळली होती, लिपला ग्रीस लावलं होतं. सीलवर आकडे छापलेले असतात. ३५×५२×७ असेल तर ३५ मिमीचा शाफ्ट, ५२ चा बाहेरचा व्यास, ७ ची जाडी. माझ्या बिलावर नुसतं 'सील' लिहिलं होतं. आता मी आकडे लिहून मागतो, गाडी देण्याआधी सर्क्लिपचा आणि सीलचा फोटो काढतो, जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देत नाही आणि लेव्हल प्लग समोरच उघडायला लावतो. चांगल्या मेकॅनिकला यातल्या कशाचाच राग येत नाही.

त्या मेकॅनिककडे परत गेलो तर म्हणाला, "जुन्या गाड्यांचं असंच असतं, काका." अपुऱ्या तेलावर चालून बेअरिंग खरखरायला लागलं होतं. ज्याचे पैसे एकदा भरले होते, ते बेअरिंग मला पुन्हा विकत आणावं लागलं.