नागपुरात सावजी खायचंय? आधी रस्सा ओळखा

पाटीवर ‘सावजी’ असलं म्हणजे ताटातही सावजी येईलच, असं नाही. हा मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा स्वयंपाक. म्हणून हायवेवरचे झगमगीत ढाबे सोडा आणि इतवारी, महाल, गोळीबार चौकाकडची साधी भोजनालयं आधी गाठा.

रस्सा समोर आला की रंग बघा. अस्सल रस्सा काळपट तपकिरी असतो, कारण धणे, मिरे, लवंग, दगडफूल, खसखस आणि सुकं खोबरं चांगलं भाजून वाटलेलं असतं. पहिला घास सौम्य वाटतो आणि तिखटपणा मागून घशात चढतो, तो मिरे-लवंगेचा. नुसती मिरची पूड ओतलेला लालभडक रस्सा जिभेच्या शेंड्यालाच झोंबतो, मागे चव उरत नाही. तर्री, म्हणजे वरचा तेलाचा तवंग, तीही तपासा. मसाला नीट परतला असेल तर तेल वर स्वच्छ सुटतं. रस्सा गढूळ दिसला, कच्च्या मसाल्याचा वास आला, तर घाई झालीय असं समजा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑर्डर देतानाच ‘तर्री कमी’ सांगावं. सोबत ज्वारीची भाकरी घ्या, रस्सा तिच्यातच मुरतो. पोटाला सवय नसेल तर खूर (बकऱ्याचे पाय) पुढच्या वेळेला ठेवा, साधं मटण घ्या. शाकाहारी मंडळींनी पाटवडी रस्सा किंवा डाळकांदा मागवावा. पाटवडी चमच्याने सहज कापली जावी, पण रश्श्यात विरघळू नये; विरघळली तर बेसन कच्चं शिजलंय. जेवायला दुपारीच जा. रात्री उशिरापर्यंत गरम करत ठेवलेला रस्सा आटून खारट होतो.

सकाळसाठी तर्री पोहे, म्हणजे वरून हरभऱ्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे. कस्तुरचंद पार्कजवळचे के.पी.चे पोहे प्रसिद्ध आहेत, पण ठेला कुठलाही असो, गर्दी असलेला निवडा. पोहे तासन्‌तास वाफेवर राहिले की त्यांचा गोळा होतो, खप असेल तिथे ते मोकळे मिळतात. तर्रीतला हरभरा बोटाने दाबला की फुटायला हवा. वरून कच्चा कांदा, लिंबू, चिवडा.

सांबारवडी थंडीतच खावी, तेव्हा सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, ताजा आणि भरपूर असतो. सारण ओलं राहिलं तर वरचं आवरण मऊ पडतं, म्हणून कढईतून निघालेली कुरकुरीत वडी कढीसोबत लगेच संपवा.

घरगुती वऱ्हाडी शाकाहारी जेवण निवांत बसून हवं असेल तर शेफ विष्णू मनोहरांची ‘विष्णुजी की रसोई’ चांगली. वडाभात असेल त्या दिवशी पोटात जागा ठेवून जा, त्यावर फोडणीचं गरम तेल मागून घ्या. त्याशिवाय तो कोरडा लागतो.

बिर्याणीला मोमिनपुरा. रमजानच्या रात्री तिथे गाडी नेऊ नका, अलीकडेच लावून पायी जा.