नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची वेबसाइट: दोन स्टार

पुतणीचा कॅप राउंडचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) कॉलेज-पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी ही साइट नीट चाळली. पहिल्या पानावर प्लेसमेंटचे फोटो सरकत राहतात. 'मँडेटरी डिस्क्लोजर' मात्र पार तळाशी, बारीक अक्षरात. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता असलेल्या कॉलेजला ही माहिती उघड ठेवावीच लागते: संस्था कुणाची, मंजूर जागा किती, शिकवणारे कोण, फी किती. इथली पीडीएफ स्कॅन केलेली, तिरकी. तिच्यात कॉम्प्युटरचे विभागप्रमुख एक सर, विभागाच्या पानावर दुसऱ्याच मॅडम. पोरांनी खरं काय मानायचं?

सगळ्यात खटकली ती फी. एकच आकडा, वर्षाचा पत्ता नाही, ट्यूशन आणि डेव्हलपमेंट फी वेगळी दाखवलेली नाही. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, डेव्हलपमेंट फी नाही. म्हणजे खिशातून नेमके किती जाणार, हे सिन्नरला शेती करणाऱ्या माझ्या भावाला या साइटवरून कळूच शकत नाही. हे मला अजिबात पटलेलं नाही.

रॅगिंगविरोधी समितीचे नंबर ठळक आहेत आणि फोन लगेच उचलला, बोलणंही आपुलकीचं. दोन्ही स्टार त्याचेच.

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. त्यांच्या साइटवरचा आकडा पाहा आणि मगच काउंटरवर पैसे भरा, पावती बाबवार मागून घ्या.