बाथरूमच्या फरशीचे सांधे: सिमेंट ग्राउट की इपॉक्सी?

सांध्यांत भरलेला माल, म्हणजे ग्राउट, उखडला की दुकानदार इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट, सुचवतो आणि मिस्त्री व्हाइट सिमेंट आणायला सांगतो. दोघांचं ऐकण्याआधी एक नाणं घ्या आणि फरशी न फरशी वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर ती खालून सुटलेली आहे. पाय पडला की किंचित दबते, आणि मग सांध्यात काहीही भरा, ते तडकणारच. तिथे इपॉक्सीचा खर्च वाया जाईल. आधी ती फरशी काढून नीट बसवून घ्या. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर हे हमखास तपासा. ती पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या मालाला घट्ट धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्हच लागतं. पिशवीवर आयएस 15477 हा क्रमांक बघून घ्या.

जळगावच्या आमच्या घरात फरश्या पक्क्या होत्या, तरी वर्षभरात सांधे भुरभुरले. व्हाइट सिमेंट एप्रिलच्या दुपारी, चांगलं पातळ करून भरलं होतं. जादा पाणी उडून गेलं, माल आकसला आणि केसासारख्या चिरा पडल्या. त्यात बोअरचं जड पाणी. फरशीवर पांढरे थर साचले की आम्ही अ‍ॅसिड ओतायचो. थर निघायचे, पण तेच अ‍ॅसिड सांध्यातलं सिमेंटही खात होतं. हे कळायला आम्हाला फार उशीर लागला. खान्देशात बोअरवर चालणाऱ्या कितीतरी घरांत हेच चालू असेल, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता निवड. व्हाइट सिमेंट मी यादीतूनच काढतो. ते ग्राउट नव्हे. तयार सिमेंट ग्राउट स्वस्त, कोणताही बरा मिस्त्री भरू शकतो आणि पुढे खरवडून काढणंही सोपं. सांधा साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असेल तर बारीक, त्याहून रुंद असेल तर वाळूमिश्रित घ्या. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. भरल्यावर दोन-तीन दिवस ओलसर ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे चुकलं की सगळं चुकलं. मात्र ते पाणी शोषतं, डाग धरतं आणि अ‍ॅसिडपुढे टिकत नाही.

इपॉक्सी कित्येक पट महाग. पण पाणी शोषत नाही, साबणाचे डाग धरत नाही, क्षार काढायच्या सौम्य क्लीनरलाही दाद देत नाही. त्याची खरी अडचण भरण्यात आहे. रेझिन, हार्डनर आणि पावडर पूर्ण पाकीट एकजीव करावी लागते आणि तो माल थोड्याच वेळात घट्ट होतो. मे महिन्यात तर आणखी लवकर. म्हणून सकाळी लवकर, लहान पाकिटं घेऊन एका वेळी एकच कालवून भरावा आणि फरशीवरचा लगदा लगेच पुसावा. वाळल्यावर तो थर निघता निघत नाही. सांधेही आधी पूर्ण कोरडे हवेत, म्हणजे एक-दोन दिवस आंघोळ दुसरीकडे. घरात एकच बाथरूम असेल तर याचा आधी विचार करा.

दोन्हींत जुना माल निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत खरवडायलाच हवा. वरून लेप दिला तर तो पापुद्र्यासारखा निघतो.

आणि जिथे फरशी भिंतीला भिडते, त्या कोपऱ्यात दोन्हींपैकी काहीच भरू नका. काळ्या मातीवरची घरं पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीबरोबर थोडी हलतात. ती हालचाल कडक मालाला सोसत नाही. तिथे सिलिकॉन सीलंट.

माझं मत विचाराल, तर बोअरचं पाणी आणि रोज चार-पाच जणांची आंघोळ असेल तिथे इपॉक्सी, पण ते काम आधी केलेल्या कारागिराकडूनच. नळाचं गोडं पाणी, कमी वापर किंवा भाड्याचं घर असेल तर सिमेंट ग्राउट पुरतं. आम्ही शेवटी खाली इपॉक्सी भरलं, वरच्या मजल्यावर सिमेंट. अ‍ॅसिडची बाटली मात्र दोन्हीकडून हद्दपार केली. आता आंघोळ झाली की वायपरने पाणी ओढतो, त्यामुळे थरच फारसे साचत नाहीत.