पट्टी सुराची आणि पट्टी पडद्यावरची

एकाच चित्रपटाच्या दोन-तीन डिस्क समोर आहेत: एक पाल डीव्हीडी (भारत-युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीची), एक एनटीएससी डीव्हीडी (अमेरिका-जपानातल्या पद्धतीची), नशीब असेल तर ब्लू-रेसुद्धा. घ्यायची कुठली? बहुतेक जण चित्राच्या आडव्या ओळी मोजतात. पाल ७२० बाय ५७६, एनटीएससी ७२० बाय ४८०. पालमध्ये २० टक्के ओळी जास्त, विषय संपला. मी मात्र आधी सूर तपासतो. थोड्या मऊ चित्राची सवय डोळ्यांना दहा मिनिटांत होते. चढलेली पट्टी मात्र गाणं सुरू झालं की पुन्हा खटकते.

ही पट्टी चढते कशी? चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो आणि पाल टीव्ही २५ फ्रेम मागतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे सगळा चित्रपटच जरा जोरात पळवायचा, आणि तोच केला गेला. वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत आटोपतो. आवाजही त्याच्यासोबत पळतो, म्हणून ४४० हर्ट्झचा स्वर ४५८ वर जातो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या दिशेने जवळजवळ ७० टक्के अंतर सरकतं, पण तिथे पोचत नाही. गाणं बरोबर वाजवायला बसलात तर कुठलीच पट्टी लागत नाही. खर्जातला आवाज असलेला नट दोन-चार वर्षांनी लहान वाटतो तो वेगळाच. अनेकांना हा फरक जाणवत नाही, हे खरं. मूळ गाणं कानात पक्कं बसलेलं असेल तर मात्र सुटका नाही.

एनटीएससीची तऱ्हा वेगळी. तिथे टीव्ही सेकंदाला सुमारे ६० फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) मागतो, म्हणून एक फ्रेम दोन फील्ड, पुढची तीन फील्ड अशी आळीपाळीने धरून २४ चं गणित साधतात. वेग फक्त हजारात एकाने कमी होतो, म्हणजे दोन तासांत ७ सेकंद. सूर जागेवर राहतो. किंमत डोळे मोजतात: कॅमेरा संथपणे आडवा फिरला की चित्र अडखळत सरकतं. पालमध्ये ही अडखळ नसते. पण चित्रपटांच्या पुष्कळ एनटीएससी डिस्कवर मूळ २४ फ्रेमच साठवलेल्या असतात आणि जादा फील्ड प्लेअर घालतो. त्यामुळे चांगला प्लेअर आणि टीव्ही असेल तर हा दोष बराचसा पुसता येतो.

काही पाल डिस्कवर सूर खाली ओढून मूळ पट्टीत आणलेला असतो. गायकाचा आवाज ओळखीचा होतो, पण लय ४ टक्के चढीच राहते, आणि ओढाताण नीट झाली नसेल तर तबल्याचा ठोका थोडा पसरट लागतो.

आता याच्या नेमकी उलट गोष्ट. मालिका मुळातच टीव्हीसाठी २५ फ्रेमने चित्रित झाली असेल, तर पाल हेच तिचं खरं रूप. तिची एनटीएससी आवृत्ती रूपांतरातून येते आणि त्यात बऱ्याचदा दोन फ्रेम एकमेकींत मिसळून हलणाऱ्या हातामागे भुतासारखी सावली दिसते. तेव्हा डिस्क कुठल्या पद्धतीची यापेक्षा मूळ चित्रण किती फ्रेमने झालं, हे आधी विचारावं.

दुसरी पट्टी पडद्यावरची, काळी. २.३५:१ चा, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद चित्रपट घ्या. एनटीएससी डिस्क अ‍ॅनामॉर्फिक (रुंद चित्र आडवं दाबून साठवलेली, टीव्ही ते पुन्हा पसरवतो) असेल तर चित्राला ४८० पैकी सुमारे ३६३ ओळी मिळतात. जुन्या लेटरबॉक्स पद्धतीची (काळ्या पट्ट्यांसकट ४:३ चौकटीत साठवलेली) असेल तर जेमतेम २७२, बाकीच्या काळ्या पट्ट्यांत वाया. शिवाय आजच्या रुंद टीव्हीवर ती चारही बाजूंनी काळ्या चौकटीत अडकते. म्हणून लेटरबॉक्स एनटीएससी आणि अ‍ॅनामॉर्फिक पाल (सुमारे ४३६ ओळी) एवढीच निवड असेल, तर मी सुराचा हट्ट सोडून पाल घेईन.

पट्ट्या नाहीत म्हणजे चित्र पूर्ण, असं समजू नका. ४:३ पडदा भरण्यासाठी पूर्वी रुंद चित्राच्या बाजू सर्रास कापत, आणि दोघांच्या संवादात एक जण नुसत्या नाकापुरता उरे. उलट काही ४:३ आवृत्त्यांत थिएटरमध्ये झाकलेला वरचा-खालचा भाग उघडलेला असतो; तिथे चित्र जास्त दिसतं, पण चौकट दिग्दर्शकाची नसते. १९५३ मध्ये सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत आली, त्याआधीचे बोलपट बहुतेक १.३७:१ चे. त्यांची ‘वाइडस्क्रीन’ डिस्क दिसली तर हात आवरा, कपाळं छाटलेली असायची शक्यता दाट.

ब्लू-रे बहुतेक वेळा हा सगळा वादच मिटवतो: १९२० बाय १०८०, २४ फ्रेम, मूळ वेग, मूळ सूर. फक्त डब्यावर ‘१०८०आय’ आणि ‘५०’ (सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे २५ फ्रेम) दिसलं आणि आत चित्रपट असेल, तर चढी पट्टी तिथेही येऊन बसलेली असू शकते.

खरेदीआधीची तपासणी सोपी आहे. थिएटरमधली लांबी शोधा, तिला ०.९६ ने गुणा. १५० मिनिटांच्या चित्रपटाच्या डब्यावर १४४ छापलं असेल तर वेग वाढवलेला आहे. पण काटछाटही असू शकते, म्हणून डिस्क हाती आल्यावर मधला एखादा प्रसंग बघा. मूळ ७५ व्या मिनिटाचा प्रसंग ७२ व्या मिनिटाला आला तर नुसता वेग. फरक एका जागी एकदम उडी मारत असेल तर तिथे कात्री चाललेली आहे.

आणि चढ्या पट्टीची डिस्क आधीच घरात असेल तर ती संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा, वेग ०.९६ करा आणि आवाज ताणून सूर कायम ठेवणारी सोय बंद करा. लय आणि पट्टी दोन्ही एकदम खाली येतात, आणि पेटीवर पांढरी एक पुन्हा लागते.