घरी की दवाखान्यात? म्हाताऱ्या कुत्र्याचा निरोप

किडन्या निकामी झालेल्या, उठताही न येणाऱ्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन त्रासातून सोडवायचं ठरलं, की प्रश्न येतो जागेचा. तालुक्याच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणी नीट होते, औषधं हाताशी असतात. उपचाराला अजून वाव असेल तर तेही तिथंच कळतं. पण मे महिन्याच्या उन्हात, गाडीत धक्के खात एवढं लांब नेणं म्हणजे मरणाआधी छळच.

घरी तो ओसरीत, आपल्या पोत्यावर असतो. ढोरांचे डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. मांडीवरची मान हळूहळू जड होते. मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून जातो आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, कधी नंतरही एखादा श्वास आल्यासारखा वाटतो. लेकरांना हे आधीच सांगून ठेवा. अडचण असते ती डॉक्टर घरी येण्याची आणि औषध मिळण्याची. म्हणून आधीच बोलून ठेवावं.

मला घरचंच बरं वाटतं. फक्त वावरात पुरताना खड्डा खोल घ्या, विहिरीपासून लांब, आणि वर दगड रचा. ते औषध मांसात राहतं. उकरून खाणारी कुत्री, कोल्हे त्यानं दगावू शकतात.