औंध की हैदराबाद? १९३८च्या दोन दरबारांपैकी एक निवडताना

जुलै उजाडला की एम.ए.च्या मुलांचे फोन सुरू होतात. लघुप्रबंधाचा विषय ठरवायचाय, संस्थानांवर काहीतरी करायचंय, प्रजेच्या चळवळीला राजाने काय उत्तर दिलं ते बघायचंय. मग सर, औंध घेऊ की हैदराबाद? यंदा तिघांनी हाच प्रश्न विचारला. तिघांना तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. मी स्वतः मराठवाड्याचा, त्यामुळे माझा कल कुठे झुकणार हे आधीच सांगितलेलं बरं. पण औंधला मी तीनदा जाऊन आलोय, आणि ते संस्थान मला मनापासून आवडतं.

दोन्ही विषय एकमेकांशेजारी का ठेवायचे, हे तारखा पाहिल्या की कळतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने सांगितलं की संस्थानातल्या प्रजेने आपला लढा आपल्याच बळावर उभारावा. त्या वर्षी म्हैसूर, त्रावणकोर, राजकोट, ओरिसातली ढेंकनाळ आणि तालचेर, सगळीकडे माणसं रस्त्यावर आली. २४ ऑक्टोबरला हैदराबादेत स्टेट काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या प्रजेच्या राजकीय संघटनेच्या, पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला आणि ती पकडली गेली. त्यानंतर महिना-सव्वा महिन्याच्या आत, नोव्हेंबरात, औंधच्या राजाने जाहीर केलं की राज्याचा कारभार आपण प्रजेच्या हाती देणार. दोन्हीकडे मराठी माणसं, मागणी एकच, जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे मंत्री लोकांनी निवडून दिलेल्यांना उत्तरदायी असावेत अशी. उत्तरं मात्र दोन टोकांची.

औंध म्हणजे ७२ गावांचं संस्थान, आणि तेही सलग नाही. थोडं साताऱ्यात, आटपाडी-कुंडलकडचा तुकडा आज सांगलीत, गुणदाळ पार विजापूरकडे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब, हे चित्रं काढणारे, कीर्तन करणारे, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले गृहस्थ. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मोठी देणगी दिली. कुंडलजवळच्या माळावर जागा देऊन किर्लोस्करांचा कारखाना आणला तोही त्यांनीच. माणूस आधीपासूनच मोकळा, आणि संस्थानात प्रतिनिधीसभाही आधीची होती. म्हणजे १९३८ साली औंधात एकाएकी चमत्कार घडला असं लिहू नका. परीक्षक पहिल्याच पानावर अडवतील.

तरीही नवं जे झालं ते मोठंच. राजपुत्र अप्पासाहेब पंत इंग्लंडहून शिकून परतलेले. त्यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन, मूळचे पोलंडचे, बंगळुरात इंजिनिअर असलेले आणि गांधीजींच्या विचारांनी भारलेले. हे लोक सेवाग्रामला गेले आणि घटनेचा आराखडा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला. जानेवारी १९३९ मध्ये ती घटना लागू झाली. गावात पाच जणांची निवडून दिलेली पंचायत, तिच्यावर तालुक्याची समिती, तिच्यावर विधिमंडळ. गाभा होता गावात. दरबारात खुर्च्या वाढवून लोकांना त्यांवर बसवण्याऐवजी कारभारच खाली पंचायतीच्या चावडीवर उतरवला.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. शिक्षा झालेल्या माणसांची भिंत नसलेली वसाहत, कुटुंबासह राहायचं, शेती करायची. तिथे एकदा जाऊन याच. तुरुंगाला कुंपण नाही हे वाचणं वेगळं, आणि त्या रानात उभं राहून कुंपण शोधणं वेगळं. राज्य आपल्या गुन्हेगारावर एवढा विश्वास टाकतं म्हटल्यावर आपल्या रयतेबद्दल ते काय मानत असेल, हे मला तिथे उमजलं. लघुप्रबंधात याचं एक प्रकरण सहज होईल.

आता हैदराबाद. साधारण ८२ हजार चौरस मैल, १९४१ च्या जनगणनेत एक कोटी साठ लाखांवर माणसं; तेलुगू, मराठी, कन्नड असे तीन मुलूख आणि कारभाराची भाषा उर्दू. मराठीचे जिल्हे पाच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. गादीवर १९११ पासून मीर उस्मान अली खान. मुलखाचा मोठा भाग जहागिरींत आणि निजामाच्या खासगी मालकीच्या सर्फ-ए-खासमध्ये गेलेला. शिवाय गश्ती निशाण ५३. सरकारी परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची नाही, असा १९२९ चा तो हुकूम. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘गश्ती’ हा शब्द असा यायचा की जणू ते एखाद्या आजाराचं नाव आहे.

या वातावरणात लोकांनी काय मागितलं हे नीट वाचा, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं, म्हणजे संस्थानातल्या मराठी मुलखाच्या संघटनेचं, पहिलं अधिवेशन झालं. भाषा, शिक्षण, नागरी हक्क असे सौम्य विषय होते. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापायचं ठरलं तेव्हा तिची मागणी होती: निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. निजामाच्या छत्राखाली! गादी हटवा असं कुणी म्हणत नव्हतं. आणि ही संस्था रीतसर जन्मायच्या आत, सप्टेंबर १९३८ मध्ये, तिच्यावर बंदी आली. ती जातीय आहे असं सरकारने ठरवलं, आणि नावातला ‘काँग्रेस’ शब्द तर फारच खुपत होता. अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. आर्य समाजाचा सत्याग्रह त्याच वेळी सुरू असल्याने दोन्हींची सरमिसळ नको म्हणून गांधीजींच्या सल्ल्यावरून डिसेंबरात स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला.

तेवढ्यात विद्यार्थी पेटले. औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी झाली, मुलांनी ते म्हटलं, आणि शेकडो मुलांची नावं कापली गेली. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच चळवळीतले. एका प्रार्थनेसाठी स्वतःच्या विद्यापीठातली पोरं परमुलखात घालवून दिली. दहा वर्षांनी मराठवाड्यात गावोगाव उभे राहिले ते पुढारी यांतूनच आले, हे मी ठामपणे म्हणतो.

सवलती दिल्याच नाहीत असं नाही, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. सुधारणा सुचवण्यासाठी अरवमुदु अय्यंगार समिती आंदोलनाच्या आधीच, १९३७ मध्ये नेमली होती. निजामाचे पंतप्रधान सर अकबर हैदरी यांच्या कारकिर्दीत, जुलै १९३९ मध्ये, सुधारणा जाहीर झाल्या. पण विधिमंडळ कसलं? मतदार व्यवसायांच्या गटांत वाटलेले, निवडून आलेल्यांना बहुमत नाही, मंत्री त्यांना जबाबदार नाहीत. तेही युद्धाच्या नावाखाली लांबणीवर पडलं आणि १९४६ साली उगवलं. स्टेट काँग्रेसवरची बंदी त्याच साली उठली. तोवर आठ वर्षं गेली होती, आणि छत्राखालची भाषा कुणाच्या तोंडी उरली नव्हती.

औंध लहान म्हणून सोपं गेलं, हैदराबाद मोठं म्हणून अवघड, असं उत्तर मुलं पटकन देतात. मला ते पटत नाही. १९३८च्याच डिसेंबरात राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, म्हणजे तिथल्या राजाने, वल्लभभाईंशी समझोता केला आणि महिन्याभरात शब्द फिरवला. मार्च १९३९ मध्ये गांधीजींना तिथे उपोषणाला बसावं लागलं. राजकोट तर औंधसारखंच चिमुकलं. मग आकाराने काय ठरलं?

राजाभोवती कोण उभं होतं, याने जास्त ठरलं असं मला वाटतं. औंधात मुलगाच सुधारणेच्या बाजूने होता. राजकोटात दिवाण वीरावाला समझोता मोडायला बसले होते. हैदराबादेत इत्तेहादुल मुस्लिमीन ही मुसलमानांची राजकीय संघटना होती. तिचे पुढारी बहादूर यार जंग यांच्या मांडणीत निजाम हा संस्थानातल्या मुसलमानांच्या सार्वभौमत्वाचं प्रतीक होता, म्हणजे निजामाने अधिकार सोडला तर तो आपलाच गेला असं त्या संघटनेला वाटायचं. १९३९ च्या त्या तुटपुंज्या सुधारणांनाही तिचा विरोध होता. बहादूर यार जंग १९४४ साली गेले आणि थोड्याच वर्षांत संघटनेची सूत्रं लातूरच्या कासीम रझवी या वकिलाकडे आली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: जून १९४७ चं स्वतंत्र राहण्याचं फर्मान, नोव्हेंबरातला भारताशी जैसे थे करार, रझाकारी म्हणजे त्या संघटनेच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा धुमाकूळ, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं तेही लिहिलंच पाहिजे. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार इतका दिला होता. मराठवाड्यातल्या घरांत रझाकारीच्या गोष्टी सांगतात आणि ही गोष्ट गाळतात. प्रबंधात ती गाळू नका.

औंधची अखेर साधी झाली. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झालं. मधल्या काळात १९४२ नंतर कुंडल हे औंधच्या हद्दीतलं गाव साताऱ्याच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र बनलं. ज्या राज्यात कारभार गावाच्या हाती होता, त्याच राज्यात समांतर सरकारचे लोक मोकळे वावरू शकले. या दोहोंचा संबंध कुणी तरी खोलात जाऊन तपासायला हवा. औंध घेणाऱ्याला माझा हा खास विषय.

साधनांचं म्हणाल तर फरक मोठा आहे. औंधसाठी मराठी आणि थोडी मोडी आली की काम चालतं. ‘हरिजन’मधले गांधीजींचे लेख आहेत, त्या वर्षांची मराठी नियतकालिकं आहेत, आणि ‘किर्लोस्कर’ मासिक तर औंधच्या हद्दीतच छापलं जायचं. अंतरं कमी, खर्च कमी. डोंगरावरचं भवानी संग्रहालय, खाली गाव, यमाईचं देऊळ, दोन दिवसांत सगळं पायाखाली येतं. धोका एकच: जवळजवळ सगळं लिखाण राजाच्या बाजूचं किंवा राजाच्या प्रेमात पडलेल्यांचं. पंचायतीत निवडून आलेला शेतकरी काय म्हणत होता ते त्यातून फारसं ऐकू येत नाही. सहा महिने हाताशी असतील आणि उर्दू येत नसेल, तर औंधच घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

हैदराबादसाठी तारनाक्याचं अभिलेखागार, छत्रपती संभाजीनगरची स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था, आणि उर्दू. उर्दूवाचून इथे गत्यंतर नाही. माझ्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आमच्या घरात आहे. परभणी जिल्ह्यातल्या मराठी पोराचा दाखला, पण त्यावर त्यांच्या नावासकट एकही अक्षर देवनागरीत नाही. पिवळा पडलेला कागद, कोपऱ्यात गोल शिक्का, आणि तारीख निजामी कारभाराच्या फसली सनातली: आजूर १३४८ फसली, म्हणजे ऑक्टोबर १९३८. मी तो हातात धरून कितीदा तरी पाहिला होता, पण वाचता येत नव्हता. पस्तिशी उलटल्यावर एका मौलवीसाहेबांकडे बसून उर्दू शिकलो तेव्हा वाचला. तेव्हा लक्षात आलं की आजोबांची शाळा सुटली त्याच महिन्यात सत्याग्रह सुरू झाला होता. ते त्यात होते का, हे विचारायला मला उशीर झाला होता.

तर माझं मत. वर्षभर वेळ असेल, उर्दू शिकायची तयारी असेल, तर हैदराबाद घ्या. पण १९४८ घेऊ नका. पोलीस ॲक्शनवर सगळे तुटून पडतात. तुम्ही परतूरच्या अधिवेशनापासून सुधारणांच्या घोषणेपर्यंतची दोन वर्षं घ्या, १९३७ ते १९३९. छत्राखाली राहायला तयार असलेल्या प्रजेला दरबाराने का झिडकारलं, हा प्रश्न धरा. औंध त्यात शेवटच्या प्रकरणात तुलनेला आणा. ‘याहून वेगळं करणं शक्यच नव्हतं’ असं निजामाच्या बाजूने कुणी म्हणालं तर औंधची राज्यघटनाच समोर ठेवता येईल, कारण ती त्याच हिवाळ्यातली आहे.

एक कामाची गोष्ट. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरातल्या तारखेसाठी फसली सनात ५९० मिळवा, त्यापुढच्या महिन्यांसाठी ५९१. पहिल्या दिवसापासून वहीत दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहीत जा. मी ते केलं नव्हतं आणि एक अख्खं प्रकरण वर्षभराने पुढे सरकलं होतं.